फॉरमॅट मारण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे रोजचं काम बिनतक्रार करणारे असंख्य संगणक त्या दिवसापासून कागदोपत्री म्हातारे झाले. फोटो स्टुडिओ, डीटीपीची दुकानं, झेरॉक्स सेंटर, शाळांच्या संगणक खोल्या अशा उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी जागी नवा संगणक घेणं हा वर्षाचा हिशेब बिघडवणारा खर्च असतो.

अशा यंत्रावर लिनक्स टाकणं हा शहाणपणाचा निर्णय आहे. उबुंटू, लिनक्स मिंट, डेबियन, फेडोरा यांपैकी काहीही घेतलं तरी परवान्याचा खर्च नाही, सुरक्षा अपडेट मिळत राहतात आणि मराठी टायपिंगही नीट चालतं. अडतं ते बहुधा एकाच ठिकाणी. यंत्रात एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असतं, त्याचा ड्रायव्हर टाकला जातो, रिस्टार्ट होतं आणि स्क्रीन काळी पडते. मग ‘फॉरमॅट मारा’ हा सल्ला मिळतो. त्यात फाइली जाण्याची भीती असते, आणि दुसऱ्या दिवशी तोच ड्रायव्हर टाकल्यावर तीच काळी स्क्रीन परत येते, कारण मूळ दुखणं कोणी तपासलेलंच नसतं. स्क्रीन काळी असली तरी यंत्र आत बहुतेक वेळा चालू असतं आणि आपलं कुठे अडलं ते त्याने नोंदवून ठेवलेलं असतं. ठरावीक क्रमाने प्रश्न विचारले तर ते अडलेलं ठिकाण घरच्या घरी सापडतं. तो क्रम सांगण्यासाठी हा लेख आहे.

ड्रायव्हर म्हणजे काय

न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात येणाऱ्या जहाजाचा कप्तान कितीही मुरलेला असला तरी बंदरात शिरताना तो स्थानिक पायलटला जहाजावर घेतो. इथली खोली, गाळ आणि भरती-ओहोटी पायलटला ठाऊक असते. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, हा तसा कप्तान आहे. ग्राफिक्स चिप हे अनोळखी बंदर, आणि ड्रायव्हर हा तिथला पायलट. इंटेल आणि एएमडी यांचे ड्रायव्हर कर्नेलसोबतच येतात, त्यांचा कोड उघडा असतो. एनव्हिडियाचा पायलट मात्र वर्षानुवर्षं आपला नकाशा झाकून ठेवत आला.

या ड्रायव्हरचे दोन भाग असतात. एक कर्नेलच्या आत बसणारं मॉड्यूल, जे प्रत्यक्ष चिपशी व्यवहार करतं. दुसरा भाग बाहेरच्या लायब्ररींचा, ज्यांच्यामार्फत खेळ, व्हिडिओ एडिटर किंवा ब्लेंडरसारखे प्रोग्राम चिपकडून काम करून घेतात. दोन्हींची आवृत्ती तंतोतंत जुळावी लागते. पुढच्या बऱ्याच बिघाडांचं मूळ या एका अटीत आहे.

दुसरी अट कर्नेलची. वापरकर्त्याचे प्रोग्राम नव्या कर्नेलवर बंद पडू नयेत याची काळजी लिनक्सचे निर्माते कसोशीने घेतात, पण कर्नेलच्या आतली रचना मात्र ते हवी तेव्हा बदलतात. आतली रचना गोठवणार नाही, ही भूमिका कर्नेलचे एक प्रमुख विकसक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नेलच्या अधिकृत कागदपत्रांत सविस्तर मांडलेली आहे. जो ड्रायव्हर कर्नेलच्या घरात राहतो, त्यात बदल करणारेच दुरुस्ती करतात. जो बाहेर राहतो, त्याचं मॉड्यूल प्रत्येक नव्या कर्नेलसाठी नव्याने तयार व्हावं लागतं. म्हणूनच काल नीट चाललेला संगणक आज अपडेटनंतर काळी स्क्रीन दाखवतो. वापरणाऱ्याने काहीही चुकीचं केलेलं नसतं.

झाकलेल्या कोडचा इतिहास

या तिढ्याला मोठा इतिहास आहे. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत आलेल्या झेरॉक्सच्या प्रिंटरचा सोर्स कोड मिळाला नाही, म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांना त्यात आपल्याला हवी ती सुधारणा करता आली नाही. तो अनुभव मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीमागच्या प्रेरणांपैकी एक ठरला. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी स्वयंसेवकांनी २००५ च्या आसपास ‘नूव्हो’ हा खुला ड्रायव्हर लिहायला घेतला. कंपनीकडून तांत्रिक माहिती मिळत नव्हती, म्हणून चिप कशी वागते ते बाहेरून पाहून त्यांनी तो उभा केला. जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एनव्हिडियाबद्दलचा आपला संताप जाहीरपणे व्यक्त केला, तो जगभर गाजला.

मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या कर्नेल मॉड्यूलचा कोड खुला केला. हा बदल मोठा आहे, पण त्याच्या मर्यादा ओळखायला हव्यात. बाहेरच्या लायब्ररी अजून बंदच आहेत. शिवाय हे खुलं मॉड्यूल ट्युरिंग पिढीपासून पुढच्या, म्हणजे साधारण २०१८ नंतरच्या चिपवरच चालतं, कारण त्या चिपमध्ये जीएसपी नावाचा स्वतंत्र छोटा प्रोसेसर आहे आणि कंपनीने बरंचसं काम त्याच्या बंद फर्मवेअरमध्ये हलवलं आहे.

लिनक्स आणि एनव्हिडियाचं जमतच नाही, असं मात्र मुळीच नाही. पुण्याच्या सी-डॅकमधला परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक टॉप ५०० यादीत ६३ वा आला. तो एनव्हिडियाच्या ए१०० चिपवर आणि लिनक्सवरच चालतो. तिथे आणि आपल्या टेबलावर नियम एकच आहे: चिप, ड्रायव्हर आणि कर्नेल यांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळलेल्या असाव्या लागतात.

आधी चिप ओळखा

खोक्यावरचं नाव पुरेसं नाही. जीटी ७३० हे स्वस्त कार्ड घ्या. याच नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या, काहींमध्ये फर्मी आणि काहींमध्ये केप्लर. दोन्हींना वेगवेगळे ड्रायव्हर लागतात. म्हणून टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही कमांड द्यावी आणि एनव्हिडियाच्या ओळीतली चिपची खूण वाचावी. ‘जीएफ’ने सुरू होणारी फर्मी, ‘जीके’ केप्लर, ‘जीएम’ मॅक्सवेल, ‘जीपी’ पास्कल, ‘टीयू’ ट्युरिंग, ‘जीए’ अँपिअर, ‘एडी’ एडा लव्हलेस आणि ‘जीबी’ ब्लॅकवेल.

आता ड्रायव्हरच्या शाखा. फर्मीसाठी ३९० ही शेवटची शाखा, केप्लरसाठी ४७०. पहिलीचा सपोर्ट २०२२ च्या अखेरीस संपला, दुसरीचा २०२४ मध्ये. मॅक्सवेल आणि पास्कलसाठी, म्हणजे जीटीएक्स ७५० टीआयपासून जीटीएक्स १०८० टीआयपर्यंतच्या लोकप्रिय कार्डांसाठी, ५८० ही शेवटची. ट्युरिंगपासून पुढे नवीन शाखा चालतात.

पॅकेजच्या नावाच्या शेवटी ‘ओपन’ हा शब्द असेल तर त्यात खुलं मॉड्यूल असतं. ते पास्कलवर टाकलं तर कार्ड उठणार नाही. उलट, आरटीएक्स ५० मालिकेच्या ब्लॅकवेल कार्डांना फक्त ‘ओपन’च चालतं, जुन्या पद्धतीचं मॉड्यूल त्यांना ओळखतच नाही. उबुंटूत ‘उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस’ ही कमांड आणि मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर आपल्या चिपसाठी कोणती शाखा सुचवलेली आहे ते दाखवतात. ती सूचना मानावी. सर्वांत मोठा आकडा म्हणजे सर्वांत चांगला ड्रायव्हर, हा समज इथे घात करतो.

एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरची ‘रन’ फाइल उतरवून ड्रायव्हर टाकण्याचा मोहही टाळावा. ती फाइल सिस्टिमच्या पॅकेज व्यवस्थेला न सांगता आपल्या फाइली जागोजागी ठेवते. पुढे कर्नेल बदलला किंवा वितरणाचा ड्रायव्हर टाकला की दोघांची टक्कर होते. आधी कोणी ती वापरली असेल, तर ‘एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’ ही कमांड चालवून जागा साफ करावी आणि मगच पुढे जावं.

परतीची वाट राखा

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचा इतिहास इथे फार उपयोगाचा आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी आधी मुंबईत कुलाब्याला होत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे दिसल्यावर, त्या विजेमुळे नोंदी बिघडतील म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या पुढाकाराने १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. पण त्यांनी कुलाब्याचं काम लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ अशी २ वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या आणि त्या ताडून पाहिल्यावरच जुनी जागा सोडली. त्यामुळे नोंदींची साखळी तुटली नाही. नवं बसवताना जुनं चालतं ठेवायचं, ही शिस्त ड्रायव्हर टाकणाऱ्यानेही पाळावी.

लिनक्समध्ये त्याची सोय तयारच असते. अपडेटनंतरही आधीचा कर्नेल ठेवलेला असतो. संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबलं की ग्रब मेनू येतो. त्यातल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून मागचा कर्नेल निवडावा. तो नीट चालला, तर कार्ड ठीक आहे आणि भांडण नव्या कर्नेलशी आहे हे एका मिनिटात कळतं. जुनाही चालला नाही, तर ग्रबमध्येच ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडावा आणि एफ१० दाबावं. चित्र साधं येतं, पण बहुतेक वेळा काम करण्यापुरती स्क्रीन मिळते. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच राहतो.

लॉगिनची खिडकी येत नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून पाहावं. अक्षरांचं टर्मिनल उघडलं की फाइली सुरक्षित आहेत आणि दुरुस्ती इथूनच होऊ शकते. ड्रायव्हर टाकण्याआधी एसएसएच चालू करून ठेवलं असेल, तर स्क्रीन पूर्ण काळी असतानाही घरच्या वायफायवरून मोबाइलमधल्या टर्मक्स अ‍ॅपने संगणकात शिरता येतं. मिंटमध्ये असलेल्या टाइमशिफ्टने आदल्या दिवशीची प्रत घेऊन ठेवली, तर मागे फिरणं आणखी सोपं होतं.

पाच प्रश्न, ठरलेला क्रम

पहिला प्रश्न: कार्ड कोणाच्या ताब्यात आहे? ‘एलएसपीसीआय’ला ‘उणे के’ जोडून चालवलं की कार्डाखाली ‘कर्नेल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ येते. तिथे ‘एनव्हिडिया’ असेल तर थेट चौथ्या प्रश्नाकडे जावं. ‘नूव्हो’ असेल तर खुल्या ड्रायव्हरने आधीच जागा धरली आहे. त्याला ब्लॅकलिस्ट करणारी फाइल असूनही तो येत असेल, तर ‘अपडेट-इनिट्रामएफएस’ चालवायचं राहिलं आहे, कारण संगणक उठताना इनिट्रामएफएसची जुनी प्रत वाचतो. ‘इन यूज’ची ओळच नसेल, तर मॉड्यूल चढलेलं नाही.

दुसरा: मॉड्यूल तयार झालं का? प्रत्येक कर्नेलसाठी मॉड्यूल आपोआप बांधण्याचं काम डीकेएमएस ही व्यवस्था करते. डेल कंपनीच्या अभियंत्यांनी ती बनवली. ‘डीकेएमएस स्टेटस’ने यादी दिसते, ‘यूनेम उणे आर’ने चालू कर्नेल कळतो. चालू कर्नेलचा आकडा यादीत नसेल तर बांधणी फसली आहे. याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे त्या कर्नेलच्या हेडर फाइली नसणं. हेडरचं पॅकेज टाकून बांधणी पुन्हा चालवली की काम होतं. हेडर असूनही बांधणी मोडत असेल, तर ड्रायव्हरची शाखा या कर्नेलसाठी फार जुनी आहे. तेव्हा एक पायरी जुना, दीर्घ सपोर्टचा कर्नेल वापरणं हेच योग्य.

तिसरा: मॉड्यूलवर सही आहे का? सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नेल आत घेत नाही. ‘मोकयुटिल’ ही कमांड सिक्युअर बूटची स्थिती सांगते आणि ‘डीमेसेज’च्या नोंदीत सहीची किल्ली नाकारल्याचा संदेश दिसतो. उबुंटूत ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड विचारला जातो. पुढच्या रिस्टार्टला निळी स्क्रीन येते आणि त्यात ‘एनरोल मोक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. ही स्क्रीन काही सेकंदच थांबते. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलं गेलं तर किल्ली नोंदवली जात नाही आणि ड्रायव्हर पूर्ण टाकलेला असूनही निकामी राहतो. अशा वेळी मोकयुटिलने किल्लीची नोंदणी पुन्हा मागवावी आणि रिस्टार्ट होताना स्क्रीनसमोर बसून राहावं. सिक्युअर बूट बंद करणं हाही मार्ग आहे, पण त्याने एक संरक्षण कमी होतं. नोंदणीला दोन मिनिटं लागतात, ती द्यावीत.

चौथा: दोन्ही भागांची आवृत्ती जुळते का? ‘एनव्हिडिया-एसएमआय’ चालवल्यावर कार्डाचं नाव आणि तापमान दिसलं तर ड्रायव्हर ठणठणीत आहे. ‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ असा संदेश आला तर घाबरू नये. अपडेटने लायब्ररी बदलली, पण स्मृतीत अजून जुनंच मॉड्यूल चालू आहे एवढाच त्याचा अर्थ. रिस्टार्ट हाच उपाय. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात किंवा अन्यत्र मशीन लर्निंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक लक्षात ठेवावं: एनव्हिडिया-एसएमआयच्या तक्त्यातला कुडाचा (चिपकडून आकडेमोड करून घेणाऱ्या एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअरचा) आकडा म्हणजे हा ड्रायव्हर जास्तीत जास्त कोणती कुडा आवृत्ती पेलतो ते. ती यंत्रात टाकलेली आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

पाचवा: ड्रायव्हर ठीक असूनही चित्र का नाही? आधी मागची वायर पाहावी. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली असणं हा अगदी नेहमीचा प्रकार आहे. मग जुन्या प्रयत्नांतून मागे राहिलेली ‘झॉर्ग डॉट कॉन्फ’ ही फाइल शोधावी आणि तिचं नाव बदलून ठेवावं. वेलँड या नव्या डिस्प्ले व्यवस्थेवर चित्र येत नसेल तर ‘एनव्हिडिया-डीआरएम’चा मोडसेट पर्याय तपासावा, जुन्या शाखांत तो आपल्याला चालू करावा लागतो. लॅपटॉपमध्ये बहुधा इंटेल किंवा एएमडीची छोटी चिपही सोबत असते. उबुंटूत ‘प्राइम-सिलेक्ट’ने ‘ऑन-डिमांड’ निवडलं की रोजचं काम छोटी चिप करते आणि जड काम एनव्हिडिया.

मागच्या फसलेल्या वेळचा वृत्तांत हवा असेल तर ‘जर्नलसीटीएल’ला ‘उणे बी उणे एक’ जोडावं. त्यातल्या लाल अक्षरांतल्या ओळी वाचाव्यात. सगळं समजलं नाही तरी पहिली चूक कोणती एवढं नक्की दिसतं, आणि पुढच्या बऱ्याच तक्रारी तिच्यातूनच निघालेल्या असतात.

लाईट आणि नेट

आपल्या किनाऱ्यावरची एक अडचण पुस्तकांत क्वचित सापडते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात धडकलं आणि पुष्कळ गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. तेवढं मोठं संकट नसतानाही पावसाळ्यात लाईट आणि नेट यांचा भरवसा नसतो. ड्रायव्हरचं पॅकेज शेकडो एमबीचं असतं. ते उतरताना नेट गेलं तर फारसं बिघडत नाही. पण मॉड्यूल बांधलं जात असताना लाईट गेली तर पॅकेज अर्धवट राहतं आणि पुढचा प्रत्येक प्रयत्न चूक दाखवतो.

म्हणून काम दोन भागांत करावं. ‘एपीटी’च्या ‘डाउनलोड-ओन्ली’ पर्यायाने फाइली नेट बरं असेल तेव्हा फक्त उतरवून ठेवाव्यात. टाकायचं काम इन्व्हर्टर किंवा लॅपटॉपची बॅटरी भरलेली असताना करावं. अर्धवट राहिलंच, तर ‘डीपीकेजी’ला ‘कॉन्फिगर’ आणि ‘उणे ए’ देऊन राहिलेली जोडणी पूर्ण होते, त्यानंतर ‘एपीटी’च्या ‘फिक्स-ब्रोकन’ने उरलेलं सावरतं.

आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. बूटचं स्वतंत्र पार्टिशन लहान असेल तर जुन्या कर्नेलांनी ते भरतं आणि नवी प्रत अर्धवट लिहिली जाते. ‘ऑटोरिमूव्ह’ने जागा मोकळी करावी, मात्र एक जुना कर्नेल राखावा. बराच काळ बंद पडलेल्या संगणकात मदरबोर्डवरचा गोल सेल संपलेला असतो. तारीख अनेक वर्षं मागे जाते आणि पॅकेजच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र अमान्य असल्याची तक्रार येते. तिथे ड्रायव्हरचा काहीच दोष नसतो. सेल बदलला आणि तारीख नीट केली की मार्ग मोकळा होतो.

बंद ड्रायव्हर खरंच हवा का?

टायपिंग, ब्राउझर, हिशेब, शाळेचे धडे आणि साधे व्हिडिओ यांसाठी नूव्हो बहुतेक वेळा पुरतो. फर्मी आणि केप्लर कार्डांसाठी आज तोच शहाणा पर्याय आहे, कारण कंपनीने सोडून दिलेल्या ड्रायव्हरमधल्या सुरक्षेच्या चुका आता कोणी बुजवणार नाही. मॅक्सवेलच्या दुसऱ्या पिढीपासून पास्कलपर्यंतच्या कार्डांवर मात्र नूव्हो मंद चालतो. त्या चिपचा वेग वाढवायला कंपनीच्या सहीचं फर्मवेअर लागतं आणि ते स्वयंसेवकांना मिळालं नाही. तिथे ब्लेंडर, कुडा किंवा खेळ यांसाठी ५८० शाखा वापरावी. ट्युरिंगपासून पुढे जीएसपीमुळे खुल्या ड्रायव्हरची चाल पुष्कळ सुधारली आहे, आणि मेसा प्रकल्पातला एनव्हीके हा व्हल्कनसाठीचा खुला ड्रायव्हर झपाट्याने परिपक्व होतो आहे.

हा प्रश्न सोयीपुरता नाही. कार्डाचे पैसे आपण मोजलेले असतात. पण कोड झाकलेला असेल तर ते किती वर्षं चालावं हे कंपनी ठरवते. कोड उघडा असेल तर पंधरा वर्षांपूर्वीच्या चिपसाठीही कोणी विद्यार्थी दुरुस्ती लिहू शकतो, आणि ती जगातल्या प्रत्येक तशा यंत्राला लागू पडते. पुढचं कार्ड विकत घेताना ही बाब किमतीइतकीच तोलून पाहावी.

दुरुस्ती जमली की चार गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात: चिपची खूण, कर्नेलचा आकडा, ड्रायव्हरची शाखा आणि ज्या संदेशावरून कारण कळलं तो संदेश. शाळेत किंवा क्लासमध्ये संगणक बहुधा एकाच खेपेत, एकाच जातीचे घेतलेले असतात. एकावर सापडलेलं उत्तर बाकीच्यांनाही चालतं, आणि ती वही हाताशी असेल तर पुढच्या वेळी बाहेरून कोणाला बोलवावं लागणार नाही.